नव्या विषाणूचे पहिले आठवडे : काळजीमागचा इतिहास

नव्या विषाणूची पहिली बातमी येते तेव्हा रुग्ण थोडे असतात आणि प्रश्न फार. आजार माणसाकडून माणसाला होतो का, लक्षणे दिसण्याआधीच बाधित व्यक्ती तो पसरवते का आणि लागण झालेल्यांपैकी किती दगावतात, याची उत्तरे मिळेपर्यंत लोकांच्या मनात जी धास्ती असते, तिच्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे.

१९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी महायुद्धात गुंतलेल्या देशांत वृत्तपत्रांवर निर्बंध होते. तटस्थ स्पेनमध्ये बातम्या उघडपणे छापल्या गेल्या आणि म्हणूनच त्या साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ हे अन्यायकारक नाव चिकटले. १९७६ मध्ये अमेरिकेत नेमके उलटे घडले. फोर्ट डिक्स या लष्करी तळावर नवा फ्लू आढळला, एक सैनिक मृत्युमुखी पडला आणि १९१८ पुन्हा येईल या भीतीने देशव्यापी लसीकरण सुरू झाले. ४ कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली, साथ मात्र आलीच नाही. उलट लसीनंतर काहींना गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाल्याचे दिसल्याने डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. त्या अधिकाऱ्यांना दोष देणे आज सोपे आहे, पण निर्णय घेताना त्यांच्या हाती जेवढी माहिती होती तेवढ्यावरच त्यांना पाऊल उचलावे लागले.

आजच्या काळजीचे स्वरूप ठरले ते सार्स या श्वसनाच्या गंभीर आजारामुळे. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सुरू झालेल्या या आजाराची माहिती बाहेर येण्यास काही महिने लागले. फेब्रुवारी २००३ मध्ये तेथून आलेला एक डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरला आणि तेथे बाधित झालेल्या पाहुण्यांबरोबर विषाणू व्हिएतनाम, सिंगापूर व कॅनडात पोहोचला. हनोईत हा आजार वेगळा असल्याचे ओळखून जागतिक आरोग्य संघटनेला सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी स्वतः त्यालाच बळी पडले. ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यूंनंतर जुलै २००३ मध्ये साथ आटोक्यात आली. सार्सचा रुग्ण प्रामुख्याने आजार बळावल्यावर संसर्ग पसरवत असे, त्यामुळे ताप तपासून विलगीकरण करण्याचा उपाय तेव्हा लागू पडला.

या अनुभवातून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये सुधारण्यात आली आणि संभाव्य जागतिक धोका कळवणे देशांना बंधनकारक झाले. तरीही चीनमधील वूहानमध्ये २०१९च्या अखेरीस, कोविडच्या सुरुवातीला, सहकाऱ्यांना सावध करणारे डॉ. ली वेनलियांग यांना पोलिसांची ताकीद मिळाली, हे विसरता येत नाही. विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाली, माणसाकडून माणसाला होणारा संसर्ग २० जानेवारीला मान्य झाला आणि ३० जानेवारीला आरोग्य आणीबाणी घोषित झाली. हा विषाणू लक्षणांआधीही पसरत असल्याने सार्सच्या वेळचा उपाय तोकडा पडला.

सुरुवातीच्या मृत्युदराबाबतचा गोंधळ याच काळातला. प्रथम गंभीर रुग्णच मोजले जात असल्याने हा दर फुगलेला दिसतो. दुसरीकडे उपचार सुरू असलेल्यांपैकी काहींचा मृत्यू पुढे होणार असल्याने तो कमीही भासतो. म्हणून पहिल्या आठवड्यांत एकच आकडा ठामपणे सांगणाऱ्यापेक्षा त्याच्या मर्यादा सांगणारा अधिकारी मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

मे २०२५ मध्ये महासाथीविषयीचा जागतिक करार स्वीकारण्यात आला. मात्र नव्या विषाणूंचे नमुने आणि त्यांतून होणारे लाभ देशांनी कसे वाटून घ्यावेत, हा कळीचा भाग तेव्हा पुढील वाटाघाटींवर सोडण्यात आला.