शाळेच्या खिचडीत गावचा भाजीपाला चालतो का?

‘पोषण आहाराचा सगळा माल सरकारी गोदामातून येतो, गावच्या शेतकऱ्याकडून काही घेता येत नाही.’ नागपूर जिल्ह्यात हे वर्षानुवर्षे ऐकू येतं. ते खरं नाही.

तांदूळ केंद्राकडून अन्न महामंडळामार्फत येतो, तो शाळेने विकत घ्यायचा नसतो. भाजीपाल्याचं तसं नाही. उलट 2021 मध्ये शालेय पोषण आहाराची पीएम पोषण योजना मंजूर झाली, तेव्हा स्थानिक पदार्थ, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना प्रोत्साहन द्यायचं केंद्रानेच ठरवलं.

दुसरी भीती परवान्याची. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 18 नुसार शेतकऱ्याने स्वतः पिकवून शेताच्या पातळीवर दिलेल्या मालाला तो कायदा लागूच नाही. फळं-भाजीपाला राज्यात 2016 पासून नियमनमुक्त आहे, म्हणजे पालक, वांगी आधी नागपूरच्या कळमना बाजार समितीत नेलीच पाहिजेत, असंही नाही.

‘लहान शेतकरी एवढा माल कुठून देणार?’ हिशेब करून बघा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीसाठी 75 ग्रॅम. शंभर लहान मुलांच्या शाळेला दिवसाला पाच किलो लागते! कळमेश्वर, सावनेरकडे अर्ध्या एकरात भाजी लावणाऱ्याला हे जड नाही. उन्हाळ्यात पाण्याची अडचण खरी, पण तेव्हा बराच काळ शाळांना सुट्या असतात.

खरी अडचण पैशांची आहे. बिल वेळेवर निघालं नाही तर लहान शेतकरी थांबू शकत नाही, व्यापारी थांबतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी हाच प्रश्न विचारावा: भाजीचं बिल वेळेवर निघतं का?