पचनसंस्था, मानवी

खाल्लेल्या अन्नाचे तुकडे करत करत ते रक्तात जाऊ शकेल इतके बारीक करणे, त्यातले हवे ते शोषून घेणे आणि उरलेले बाहेर टाकणे, हे काम करणाऱ्या अवयवांना मिळून पचनसंस्था म्हणतात. तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे आणि गुदद्वार हा तिचा सलग मार्ग. लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड बाजूने आपापले रस पुरवतात. हा मार्ग सुमारे 9 मीटर लांब असल्याचे पाठ्यपुस्तके सांगतात. ते माप मृत्यूनंतर सैल पडलेल्या आतड्यांचे आहे. जिवंतपणी स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे तो बराच आखूड असतो.

आपल्या भाषेत पचन म्हणजे अग्नी. जठराग्नी प्रदीप्त होतो, मंद होतो, भुकेने पोटात आग पडते. उपमा जुनी आणि देखणी आहे, पण तिने दोन गोष्टी झाकल्या जातात. पचनात काहीही जळत नाही. पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे मोठे रेणू ज्या बंधांनी जोडलेले असतात, तो प्रत्येक बंध तोडताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. विकरे (एन्झाइम) हे काम वेगाने घडवून आणतात. म्हणजे हे काम पाण्याचे आहे. दुसरे असे की त्याचे मुख्य ठिकाण जठर नव्हे, लहान आतडे आहे.

सुरुवात तोंडात होते. भाकरीचा घास गिळण्याची घाई न करता चावत राहिले तर तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतले विकर पिष्टापासून माल्टोज ही साखर सुटी करते. दिवसाला एक ते दीड लिटर लाळ तयार होते. घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते आणि सुमारे 25 सेंमी लांबीची अन्ननलिका आवळत-सैलावत त्याला खाली ढकलते. ही ढकल स्नायूंची असते, गुरुत्वाकर्षणाची नव्हे. आडवे पडूनही पाणी गिळता येते ते यामुळेच.

जठरात काय चालते हे प्रत्यक्ष पाहण्याची संधी एका अपघाताने मिळाली. 6 जून 1822 रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत गेलेले भोक बुजले नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमॉंट यांनी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि 1833 मध्ये ती निरीक्षणे छापली. जठररस बाटलीत काढून उबदार ठेवला तरी तो मांस विरघळवतो, हे त्यांनी दाखवले. पचन ही रासायनिक क्रिया आहे हे त्यातून पक्के झाले. एका गरीब मजुराच्या देहावर वर्षानुवर्षे झालेले हे प्रयोग होते, हेही नोंदवायला हवे.

जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याने अन्नातले बहुतेक जंतू मरतात आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन कामाला लागते. जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असल्याने ते स्वतः पचून जात नाही. हेच आम्ल अन्ननलिकेत वर चढले की छातीत जळजळते, आणि आपण म्हणतो ‘पित्त झाले’. आयुर्वेदातील पित्त ही संकल्पना व्यापक आहे. शरीरशास्त्रातले पित्त मात्र यकृतात तयार होते आणि ते आम्ल नसते. ढोबळ खूण चवीची: आंबट ढेकर जठराची, उलटीतले कडू हिरवट-पिवळे पाणी पित्ताचे. जठर पूर्ण काढूनही माणूस जगू शकतो. शल्यविशारद कार्ल श्लाटर यांनी 1897 मध्ये झुरिचमध्ये ती शस्त्रक्रिया यशस्वी केली. अशा रुग्णाला थोडे थोडे खावे लागते आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 बाहेरून द्यावे लागते. लहान आतडे नसेल तर मात्र शिरेतून पोषण दिल्याशिवाय गत्यंतर नसते.

लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आंबट लगदा उतरताच तिथल्या पेशी सिक्रेटिन हे निरोप पोचवणारे रसायन रक्तात सोडतात, आणि स्वादुपिंड आम्ल मारणारा खारट-अल्कधर्मी रस पाठवते. लंडनमध्ये 1902 साली बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांना हे सापडले. अशा रसायनांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी पुढे 1905 मध्ये वापरला. स्वादुपिंडाच्या रसात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींसाठी विकरे असतात. पित्त तेला-तुपाचे बारीक थेंब करते, म्हणजे विकरांना ते तोडता येतात.

आतड्याच्या आतल्या बाजूस वळ्या असतात, वळ्यांवर बोटांसारखे एक मिलिमीटरहूनही लहान उंचवटे, आणि त्यांच्या पेशींवर आणखी सूक्ष्म केसाळ कडा. पचनाचे शेवटचे टप्पे या कडेवरच पार पडतात. पूर्वी या पृष्ठभागाची तुलना टेनिस कोर्टशी करत. 2014 मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या मापनात तो सुमारे 30 चौरस मीटर भरला. या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. शर्करा आणि अमिनो आम्ले रक्तातून थेट यकृताकडे जातात. बहुतेक स्निग्ध पदार्थ लसीकावाहिन्यांच्या (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या, लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांच्या) वाटेने फिरून रक्तात मिसळतात.

प्यायलेले पाणी आणि शरीराने ओतलेले रस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो, आणि शौचावाटे जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर जातो. बाकी सगळे परत शोषले जाते. ग्लुकोज आणि सोडियम पेशीत एकाच दाराने जोडीने शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. ही कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. कॉलऱ्यात आतडे भराभर पाणी बाहेर टाकते, पण हे दार उघडेच राहते. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती पाणी त्याच तत्त्वावर चालते. साखर इथे चवीसाठी नसते.

पोट रिकामे असताना जठर-आतड्यातून दर दीड-दोन तासांनी आवळण्याची एक लाट जाते आणि उरलेसुरले झाडून पुढे नेते. पोटात कावळे ओरडतात ते बरेचदा तिचेच आवाज.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब. ते उरलेले पाणी आणि क्षार शोषते, आणि त्यात अब्जावधी जीवाणूंची वस्ती असते. आपल्याला न पचणाऱ्या चोथ्यावर ते जगतात आणि आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी आम्ले तयार करतात. कडधान्यांतल्या रॅफिनोज गटातल्या शर्करा तोडण्याचे विकर माणसाकडे नाही, म्हणून त्या तशाच इथवर येतात. जीवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. मटकीला मोड येताना कोंब याच शर्करा वापरून टाकतो, आणि मोडाची उसळ पोटाला हलकी जाते.