नानजिंगची दोन स्मारकं: टेकडीवरचं वेगळं, शांती उद्यानाचं वेगळं

चीनमधल्या नानजिंगला गेलेल्या बऱ्याच जणांचा होतो तो घोळ माझाही झाला. हॉटेलच्या काउंटरवर मी मोबाईलवर 'स्मारक' एवढंच भाषांतर करून दाखवलं, तिथल्या मुलीने मान डोलावली, टॅक्सी बोलावली आणि मी पोचलो शहराच्या दक्षिणेला, झाडीने भरलेल्या एका टेकडीवर. लोक ताय-ची करतायत, आज्या नातवंडं फिरवतायत, सकाळची पर्वतीच म्हणा ना. मला बघायचं होतं १९३७ मध्ये जपानी सैन्याने इथे केलेल्या हत्याकांडाचं स्मारक आणि त्याच्या शेवटी असलेलं शांती उद्यान, ते तर शहराच्या पश्चिमेला होतं.

चूक तिची नव्हती. दोन्ही नावांच्या शेवटी 'जीन्यानग्वान' आहे, म्हणजे स्मारक-भवन. टेकडीवरचं ते युहुआताय 'लिएश' जीन्यानग्वान. दुसरं ज्यांगदोंगमन भागातलं, त्याचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही, पण त्यातले कळीचे शब्द 'यू-नान थोंगबाव', म्हणजे संकटात जीव गेलेले आपले देशबांधव. आणि लिएश म्हणजे आपल्याकडचा सरळ हुतात्मा. हे दोन शब्द कळले की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो, कारण हुतात्म्याला आपण कशासाठी मरतोय ते माहीत असतं आणि ज्यांगदोंगमनला ज्यांची आठवण ठेवलीय त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, शहर पडलं तेव्हा ते तिथे होते एवढाच त्यांचा गुन्हा.

आता टेकडीचं बघा. युहुआताय म्हणजे फुलांच्या पावसाचा चौथरा. गोष्ट अशी सांगतात की लिआंग राजवटीत एका बौद्ध भिक्षूने इथे इतकं सुंदर प्रवचन केलं की आकाशातून पुष्पवृष्टी झाली (आपल्या पुराणात दर चार पानांनी होते ती) आणि त्या फुलांचे रंगीत खडे झाले. ते खडे खरंच मिळतात, अ‍ॅगेटचे, पाण्यात टाकले की रंग खुलतो, तिथे विकायलाही असतात. पण १९२७ मध्ये चांग काय-शेकच्या क्वोमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाने कम्युनिस्टांशी काडीमोड घेतला आणि नानजिंगला राजधानी केली, त्यानंतर हीच टेकडी मृत्युदंडाची जागा झाली. कम्युनिस्ट पक्षाचा मोठा कामगार नेता तंग चोंगश्या याला १९३३ मध्ये इथेच गोळ्या घातल्या. म्हणजे मारणारे चिनी, मरणारेही चिनी, आणि पुढे मरणाऱ्यांचा पक्ष जिंकला. म्हणून इथलं सगळं ताठ मानेचं आहे. मोठ्या शिल्पात नऊ माणसं ग्रॅनाइटमध्ये कोरलीयत, एकही वाकलेला नाही. वर स्मारकस्तंभ आहे त्याची उंची ४२.३ मीटर, का तर कम्युनिस्ट सैन्याने नानजिंग घेतलं १९४९ च्या चौथ्या महिन्यात २३ तारखेला. असले आकडे चिनी स्मारकांत सारखे भेटतात, एकदा कळलं की प्रत्येक खांबाकडे बघून आपण मनात तारीख लावत बसतो.

ज्यांगदोंगमनलासुद्धा तेच, तिथल्या क्रॉससारख्या खांबाची उंची १२.१३ मीटर, कारण जपानी सैन्य शहरात घुसलं ते १३ डिसेंबर १९३७ ला. पण बाकी सगळा सूर उलटा. दारातच एक प्रचंड आई उभी आहे, हातात मेलेलं मूल, मान मागे टाकलेली. वू वेइशान या शिल्पकाराचं काम. आत जुन्या भागात मोकळं पटांगण आहे, त्यात नुसते करडे गोटे पसरलेत आणि वाळकी झाडं, ते गोटे म्हणजे हाडं. गंमत म्हणवत नाही, पण लक्षात घ्या, जुना भाग ज्याने आखला तो वास्तुशिल्पी छी खांग युहुआतायच्या स्मारक-भवनाच्या कामातही होता, आणि एका ठिकाणी दगड म्हणजे आकाशातून पडलेली फुलं आणि दुसऱ्या ठिकाणी दगड म्हणजे हाडं. आणि हाडांचं नुसतं प्रतीक नाहीये, ही जागाच सामूहिक दफनाची आहे, उकरलेले सांगाडे काचेखाली आहेत. लहान मुलांना नेणार असाल तर आधी विचार करा.

आत एका अंधाऱ्या जागी दर १२ सेकंदांनी पाण्याचा एक थेंब पडतो. हिशोब असा की सहा आठवड्यांत तीन लाख माणसं, म्हणजे १२ सेकंदाला एक. तीन लाख हा चीनचा अधिकृत आकडा, भिंतीवर मोठ्ठा लिहिलाय. युद्धानंतरच्या टोकियो खटल्यात दोन लाखांहून जास्त असं म्हटलं होतं आणि अभ्यासकांची त्यावर अजून भांडणं चालू आहेत. हे माहीत असावं, पण त्या थेंबाखाली उभं राहून आकड्यावर वाद घालायची माझी तरी हिंमत झाली नाही.

आता खरा गुंता, दोन्ही गोष्टी एकमेकींत शिरतातच. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग वाचवायची एक घनघोर लढाई युहुआतायवरच झाली आणि तिथे मेलेले सैनिक क्वोमिंतांग सरकारचेच, म्हणजे ज्यांनी कम्युनिस्टांना तिथे मारलं त्याच सरकारचे. पुढे १९४७ मध्ये हत्याकांडाबद्दल दोषी ठरलेला जपानी जनरल तानी हिसाओ याला मृत्युदंड दिला तोही युहुआतायलाच. एवढीशी टेकडी, पण तिन्ही बाजूंचं रक्त तिथे सांडलंय.

सरकारने दिवस मात्र वेगळे ठेवलेत, दोन्ही २०१४ मध्येच ठरले. ३० सप्टेंबर हुतात्मा दिन, तो युहुआतायचा. १३ डिसेंबर राष्ट्रीय स्मृतिदिन, तो ज्यांगदोंगमनचा, त्या सकाळी शहरभर भोंगे वाजतात आणि गाड्या थांबून हॉर्न देतात.

इथे सोलापूरकरांसाठी एक टीप, कारण हा प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी यातल्या कुठल्याच ठिकाणी नाही, ती उत्तरेला हबेइ प्रांतात शिज्याज्वांग शहरात आहे, त्याच आवारात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही. पण प्रकार विचाराल तर ती युहुआतायच्या घरातली, तिच्याही नावात 'लिएश' आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून स्वतःहून गेलेला माणूस, १९४२ मध्ये तिथेच गेला, वय ३२. शब्द अगदी चपखल बसतो.

राहिलं शांती उद्यान. ते ज्यांगदोंगमनच्या शेवटी येतं आणि शेवटीच यायला हवं, आधी बघून काही कळणार नाही. अंधारातून बाहेर आलात की लांबलचक पाणी, हिरवळ, आणि उंच चौथऱ्यावर परत एक आई, या वेळी मूल जिवंत आणि हातात कबूतर. मला हा पुतळा जरा ढोबळ वाटला, खरं सांगतो, कुठल्याही शहरात खपला असता. पण जवळच एका चिनी मुलीचा छोटा पुतळा आहे आणि भोवती जांभळी फुलं, त्याने मात्र पाय थांबतात. यामागुची सेइतारो नावाच्या जपानी लष्करी अधिकाऱ्याने १९३९ मध्ये नानजिंगच्या जांभळ्या डोंगरावरून या फुलांचं बी घरी नेलं, प्रायश्चित्त म्हणून जपानमध्ये ते लावत सुटला, वाटत सुटला, आणि डोंगराच्या नावावरूनच फुलाला नाव दिलं, चिनीत 'झीजिनत्साव'. युहुआतायला असलं काही नाही आणि तिथे ते शोभलंही नसतं, जिंकलेल्यांच्या स्मारकात माफीला जागा लागत नाही.

वसंतात गेलात तर फुलं दिसतील. मेट्रोची लाइन २, स्टेशन युनजिनलू, तिकीट नाही पण आधी बुकिंग करावं लागतं आणि पासपोर्ट जवळ हवा. मॅपवर नुसतं 'हेपिंग गोंगयुआन', म्हणजे शांती उद्यान, टाकू नका, त्या नावाची एक साधी बाग जिमिंग मंदिराजवळ आहे, तिसरीकडेच पोचाल. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.