सेकंड हँड गाडीत धोक्याचा दोष निघाला तर काय करावे

नुकतीच जुनी गाडी घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आमचे गॅरेज चिपळुणात आहे. इथून कराडकडे निघाले की कुंभार्ली घाट, खेडकडे निघाले की परशुराम घाट. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा दोष घेऊन या रस्त्यांवर उतरणे म्हणजे घरच्यांचा जीव पणाला लावणे. म्हणून दुरुस्तीचे, पैशाचे, भांडणाचे सगळे नंतर.

आधी गाडी उभी करा

ब्रेकचे पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल, चाकाच्या आतल्या बाजूने तेलकट ओल दिसत असेल किंवा स्टिअरिंग बरेच फिरवल्याशिवाय चाक वळत नसेल, तर ती गाडी चालवू नका. आमच्याकडेही चालवत आणू नका. फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर, उचलून आणा. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये रस्त्यावरच्या मदतीची सोय असते, तेव्हा पॉलिसी आधी वाचा.

“गावात तर ब्रेक बरोबर लागत होता” असे अनेक जण सांगतात, आणि ते खोटे नसते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा मुरलेल्या ऑइलचा तो १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. सपाट रस्त्यावर चाके तेवढी तापत नाहीत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की ऑइल उकळते, पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जाते. बाजारपेठेत मारलेल्या एका फेरीत हे कळणारच नाही.

दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हाही आहे.

खोलण्याआधी पुरावा

“काय लागेल ते टाका, पण संध्याकाळपर्यंत गाडी द्या,” असे म्हणू नका. आम्हाला काम हवेच आहे, तरीही हे सांगतो. दोष विक्रीच्या आधीचा की नंतरचा, यावरच सगळा वाद होतो. पार्ट बदलून भंगारात गेला की तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

म्हणून आम्ही गाडी लिफ्टवर घेऊन नंबर प्लेट, किलोमीटरचा आकडा आणि दोषाची जागा यांचे फोटो काढतो आणि काय दिसले ते तारखेसह लिहून देतो. पार्टचे वय बहुधा पार्टच सांगतो. भेगाळलेला ब्रेक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आठ दिवसांत तसा होत नाही. चेसिसला नुकताच मारलेला काळा अंडरकोट खरवडला की खाली पुट्टी आणि पापुद्रे सुटलेला गंज निघतो. टायरवर DOT अक्षरांपुढे असलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष दाखवतात: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा.

पुरात बुडालेली गाडीही अशीच ओळखू येते. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर गाळाचा डाग आहे का ते बघा. सीटखालच्या कनेक्टरवर हिरवट गंज असेल तर एअरबॅगवर भरवसा ठेवू नका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर दोष लपवण्यासाठी कुणी तो बंद केला असण्याची शक्यता आहे.

मग विकणाऱ्याला लेखी कळवा आणि गाडी पाहायला ठरावीक मुदत द्या. फोनवरचे बोलणे पुरेसे नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टने पत्र. मुदत संपली की दुरुस्ती करू. काढलेला पार्ट पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून तुमच्या हातात देऊ. तो जपून ठेवा, कारण गरज पडल्यास ग्राहक आयोग तो प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो.

गाडी कोणाकडून घेतली?

डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. पावतीवर “जशी आहे तशी” लिहिले आहे म्हणून गप्प बसू नका. माहीत असलेला धोका लपवला असेल तर त्या तीन शब्दांनी विषय संपत नाही.

शेजाऱ्याकडून किंवा ओळखीतून घेतली असेल तर मार्ग अवघड आहे. तो व्यापारी नसल्यामुळे ग्राहक आयोग सहसा उपयोगी पडत नाही. दिवाणी दावा उरतो. तिथे “अपघात झालेला नाही”, “सगळे ओके आहे” असे त्याने लिहिलेले मेसेज कामाला येतात. ते पुसू नका. अशा वेळी आम्ही आधी समोरासमोर बसून खर्च वाटून घेण्याचा सल्ला देतो.

आरसी आणि विमा अजून जुन्या मालकाच्या नावावर असतील तर तेही आजच हाती घ्या. विम्यावरचे नाव बदलण्यासाठी गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते.

रिकॉल तपासा

काही दोष कारखान्यातूनच आलेले असतात. अशा गाड्या कंपनी दुरुस्तीसाठी परत बोलावते, त्यालाच रिकॉल म्हणतात. टाकाटा कंपनीचे एअरबॅग फुगवणारे इन्फ्लेटर हे त्यातले सर्वांत गंभीर उदाहरण. त्यातले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडते आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर उडतात. भारतातही यासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. कोकणची हवा पाहता आपल्याकडे हे तपासायलाच हवे.

बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकला की रिकॉल बाकी आहे का ते कळते. ते काम अधिकृत वर्कशॉपमध्ये मोफत होते, तुम्ही दुसरे मालक असा वा चौथे. स्वतः जमत नसेल तर आरसी घेऊन या. आम्ही इथेच बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही.