वृद्धि-आलेख

वृद्धि-आलेख : मुलाचे वजन, लांबी किंवा उंची ठरावीक काळाने मोजून वयासमोर मांडणारा आलेख. आडव्या अक्षावर महिन्यांत वय आणि उभ्या अक्षावर किलोग्रॅममध्ये वजन असते. मोजणी झाली की एक ठिपका पडतो, ठिपके जोडले की त्या मुलाची स्वतःची रेघ तयार होते. मागे छापलेल्या वक्ररेषा निरोगी मुलांच्या मोठ्या समूहावरून काढलेल्या असतात. एका मुलाची आकडेवारी हजारो मुलांच्या आकडेवारीवर ठेवून वाचण्याची ही सोय आहे. पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविका तो भरते आणि शहरातल्या बालरोगतज्ज्ञाच्या फाइलीतही तोच कागद असतो.

या आलेखात वाचायची असते ती रेघेची दिशा. एका मुलीचे उदाहरण घेऊ. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा तिचे वजन ७.३ किलो भरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात या वयाच्या मुलींचा मध्यक, म्हणजे निम्म्या मुली ज्याच्या वर आणि निम्म्या ज्याच्या खाली असतात ते वजन, नेमका एवढाच आहे. नऊ महिन्यांना वजन पुन्हा ७.३ आणि पहिल्या वाढदिवशीही ७.३. ‘कमी वजन’ ठरवणारी रेषा नऊ महिन्यांना ६.५ किलोवर आणि बारा महिन्यांना ७.० किलोवर आहे. म्हणजे तिन्ही वेळा ही मुलगी त्या रेषेच्या वर, आलेखावरच्या हिरव्या पट्ट्यात बसते आणि रजिस्टरमध्ये तिन्ही वेळा ‘सर्वसाधारण’ अशी नोंद होते. आलेखावर मात्र तिची रेघ सहा महिने आडवी पडलेली दिसते. तेवढ्या काळात मध्यक ८.९ किलोपर्यंत चढलेला असतो. वरचे अन्न वेळेवर सुरू झाले नाही की काय, जुलाब किंवा ताप वारंवार येतो का, हे विचारण्याची वेळ नऊ महिन्यांनाच आलेली असते. पट्ट्याचा रंग बदलेपर्यंत थांबले तर मुलीचे आणखी काही महिने वाया जातात. याउलट जन्मतः लहान असलेले बाळ कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात असूनही त्याची रेघ छापील वक्राला समांतर किंवा त्याहून तीव्र चढत असेल, तर ते चांगले लक्षण आहे.

आकडे तक्त्यात असणे आणि ते दिसणे यांत किती अंतर आहे, हे या आलेखाच्या इतिहासातही आढळते. फ्रान्समधील काउंट मोंबेलार यांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची तो अठरा वर्षांचा होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजली. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ते आकडे १७७७ मध्ये प्रसिद्ध केले, पण तक्ता म्हणूनच. जुन्या फ्रेंच मापांतील ते आकडे मेट्रिकमध्ये आणून रिचर्ड स्कॅमन यांनी १९२७ मध्ये त्यांचा आलेख काढला. पुढे त्याच आकड्यांवरून वाढीच्या वेगाचा वक्रही काढला गेला. जन्मानंतर झपाट्याने उतरणारा वेग, बालपणातला संथ टप्पा आणि पौगंडावस्थेत अचानक उठणारे शिखर, असा मानवी वाढीचा सगळा आकार त्यात एका नजरेत येतो. आकडे तेच होते, आकार दिसायला दीडशे वर्षे लागली. दरम्यान फ्रान्सिस गाल्टन यांनी शततमकांची, म्हणजे शंभरांच्या रांगेत एखाद्याची जागा कितवी हे सांगण्याची, पद्धत रूढ केली आणि बोस्टनच्या हेन्री बाउडिच यांनी १८९१ मध्ये ती शाळकरी मुलांच्या मापांना लावली. एका मुलाच्या मागे अनेक वक्र छापण्याची कल्पना तिथून रुजली.

दवाखान्यातला हा कागद आईच्या हाती दिला तो डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात नायजेरियातील इमेसी-इले या गावी काम करताना त्यांनी ‘आरोग्याचा रस्ता’ या अर्थाचे नाव असलेले पत्रक तयार केले. त्यावर दोनच वक्र होते आणि मुलाची रेघ त्या दोहोंमधल्या रस्त्याने वर जावी एवढेच समजून घ्यायचे होते. पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईकडेच राहायचे. मॉर्ले यांचा पुढचा विचार मला त्याहूनही मोलाचा वाटतो. त्यांच्या प्रेरणेने असा स्प्रिंगचा काटा तयार झाला की आलेखाचा कागद स्प्रिंगच्या मागेच बसतो. मूल टांगले की स्प्रिंग ताणली जाते आणि आईने पेनाचे टोक टेकवले की ठिपका बरोबर जागी पडतो. आकडा वाचणे आणि तो अक्षावर शोधणे या दोन्ही पायऱ्या गळून जातात. ज्या बाईला शाळेचे तोंड पाहता आले नाही तिलाही आपल्या मुलाची आकडेवारी स्वतः मांडता येते, हे आलेखाच्या रचनेचे फार मोठे यश आहे.

भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडीबरोबर वाढीचा आलेख गावोगाव पोचला. सुरुवातीची अनेक वर्षे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये आखलेले वर्गीकरण वापरात होते. वयानुसार अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन म्हणजे सर्वसाधारण आणि त्याखाली दहा-दहा टक्क्यांच्या पायरीने चार श्रेणी. हिशेब सोपा होता, पण त्यात एक खोट होती. वजनांचा विखुरलेपणा प्रत्येक वयात सारखा नसतो. तो प्रमाण विचलन या मापाने मोजतात. आजच्या मानकावर पाहिले तर मध्यकाखाली दोन प्रमाण विचलनांवरची रेषा मुलग्यांसाठी जन्माच्या वेळी मध्यकाच्या ७६ टक्क्यांवर येते, तर एका वर्षाला ८० टक्क्यांवर. त्यामुळे एकच टक्केवारी वेगवेगळ्या वयांत वेगवेगळ्या गांभीर्याची ठरते. आताच्या पत्रकांवरील रेषा म्हणूनच प्रमाण विचलनावर आखलेल्या असतात. उणे दोनच्या वर हिरवा, उणे दोन ते उणे तीन पिवळा, त्याखाली नारिंगी. मुलींचा आलेख गुलाबी, मुलग्यांचा निळा.

मागचे वक्र कुणाच्या मुलांवरून काढायचे, हा या विषयातला सर्वांत वादाचा प्रश्न. जगभर दीर्घकाळ वापरलेले १९७७ चे अमेरिकी वक्र लहान वयापुरते ओहायो राज्यातील एका छोट्या समुदायाच्या पाहणीवर आधारलेले होते आणि त्यातली बरीच बाळे बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणाऱ्या बाळाची वाढ तीन-चार महिन्यांनंतर त्या वक्राच्या मानाने मंदावलेली दिसे. मग दूध पुरत नाही असा समज होऊन वरचे दूध लवकर सुरू केले जाई. चुकीच्या पार्श्वभूमीवर बरोबर काढलेली रेघ किती नुकसान करू शकते, त्याचे हे उदाहरण आहे.

दुसरीकडे भारतीय मुले मुळातच लहान चणीची, ती लहान पण निरोगी आहेत, असे प्रतिपादन अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी १९८० च्या दशकात केले. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्याला ठाम विरोध केला. खुजेपणाला निरोगी म्हणणे म्हणजे दारिद्र्याला मान्यता देणे, अशी त्यांची भूमिका होती. या वादाला आकडेवारीचे उत्तर मिळाले ते जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ ते २००३ मधील पाहणीतून. ब्राझीलमधील पेलोतास, घानातील आक्रा, दिल्ली, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत आणि अमेरिकेतील डेव्हिस या सहा ठिकाणची सुमारे ८,५०० मुले तिच्यात होती. आई धूम्रपान न करणारी, बाळ अंगावर पिणारे, घरची परिस्थिती वाढीला आड न येणारी, अशी निवड होती. लांबीतील एकूण फरकापैकी सुमारे ३ टक्केच फरक ठिकाणांमुळे निघाला. मुला-मुलांमधला फरक होता सुमारे ७० टक्के. दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतील घरांची बाळे ऑस्लोच्या बाळांसारखीच वाढत होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली मानके भारताने २००८ मध्ये अंगणवाड्यांसाठी स्वीकारली.

आलेखाची किंमत मोजणीवर ठरते. दोन वर्षांखालील बाळाची लांबी आडवे झोपवून मोजतात आणि त्यानंतर उंची उभे करून. त्याच मुलाची दोन्ही मापे घेतली तर उभी उंची सरासरी ०.७ सेंटिमीटरने कमी भरते, म्हणून मानकाच्या वक्रातही दोन वर्षांवर तेवढी पायरी आहे. वयाची चूक याहून जास्त दगा देते. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरायचे असते. एक महिना इकडेतिकडे झाला तर लहान वयात ठिपका पट्टाच बदलतो. जन्मतारखेची नोंद नसेल तेव्हा पोळा, संक्रांत, गावची जत्रा अशा खुणांवरून महिना ठरवावा लागतो. जिथे वयच खात्रीचे नाही तिथे उंचीच्या मानाने वजनाचा आलेख उपयोगी पडतो, कारण त्यात वय लागतच नाही. अतितीव्र कुपोषित म्हणजे ‘सॅम’ बालक ओळखण्याचा तो मुख्य आधार आहे. दंडघेराची रंगीत पट्टी हे त्याचेच अगदी आटवलेले रूप. सहा महिने ते पाच वर्षे वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लाल, १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा.

मोकळ्या जागाही वाचाव्या लागतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या आलेखात दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बहुधा ठिपकेच नसतात. घरी परतल्यावर पहिला ठिपका आणि जाण्यापूर्वीचा शेवटचा ठिपका सरळ रेघेने जोडला, तर मधल्या महिन्यांत सगळे ठीक होते असा आभास होतो. ती जागा रिकामी ठेवणे हेच प्रामाणिक काम. फडावर त्या मुलाला कोण तोलत होते, हा प्रश्न तिथूनच उभा राहतो.

२०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर वजन-उंची भरली की वर्गवारी आपोआप येते. आकडेमोडीच्या चुका त्यामुळे कमी होतात. मात्र पडद्यावर आधी उमटते ते लेबल, आणि वर दिलेल्या उदाहरणातील मुलीसारखी मुले लेबलमागे सहज लपतात. मागील महिन्यांची रेघ उघडून आईला दाखवणे हा वजन घेण्याच्याच कामाचा भाग मानायला हवा.

पाच वर्षांनंतर वातावरणाचा आणि वयात येण्याच्या काळाचा परिणाम वाढत जातो, त्यामुळे एकच जागतिक मानक लावणे अवघड होते. ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये स्वतंत्र वक्र प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी या कामात अग्रभागी होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय, ते आलेखावर मांडताना, जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत ही दुरुस्ती चालू ठेवतात. डाउन सिंड्रोमसारख्या स्थितींत त्या त्या मुलांच्या मापांवरून केलेले वेगळे वक्र वापरले जातात.