सर्किट किती दिवसांनी बदलायचं?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या श्वासनलिकेत बसवतात ती ट्यूब आतून अडीच-तीन मिलिमीटरची. मोठ्या माणसाच्या ट्यूबला टोकाशी हवेने फुगणारा फुगा असतो, तो वरून येणारी लाळ बरीचशी अडवतो. बाळाच्या ट्यूबला तो सहसा नसतोच, कारण बाळाच्या नाजूक श्वासनलिकेला फुग्याचा दाब सोसत नाही. त्यामुळे तोंडातली लाळ, जंतूंसकट, ट्यूबच्या कडेने खाली झिरपत राहते. व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या न्यूमोनियाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. संशय मात्र आधी यंत्रावर आणि त्यापासून बाळापर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे सर्किटवर, गेला, आणि तोही अगदीच चुकीचा नव्हता.

१९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ३४व्या आठवड्यात जन्मला आणि दोन दिवसांच्या आत श्वासाच्या आजाराने गेला. अशा बाळासाठी भरवशाचा कृत्रिम श्वास तेव्हा कुठेच नव्हता. १९७१मध्ये डॉक्टर जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसांत सतत हलका दाब ठेवण्याची पद्धत मांडली. २०पैकी १६ बाळं वाचली. पुढे बाळांसाठी वेगळे व्हेंटिलेटर आले. बाळं जगू लागली, ट्यूबवरचे दिवस वाढले, आणि त्याबरोबर संसर्गही.

१९६०च्या दशकात नेब्युलायझरच्या (हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडणाऱ्या उपकरणाच्या) पाण्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढून तुषारांबरोबर थेट फुप्फुसात गेल्याच्या साथी नोंदल्या गेल्या होत्या. म्हणून नियम झाला: सर्किट रोज बदला. सिस्टरांनी तो इमानाने पाळला. १९८०च्या दशकात क्रेव्हन या संशोधकाच्या गटाने प्रौढ रुग्णांत तपासलं, तर सर्किटमधले जंतू प्रामुख्याने रुग्णाच्याच स्रावातून आलेले निघाले. शिवाय २४ तासांनी सर्किट बदलणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका ४८ तासांवाल्यांपेक्षा जास्त होता. कारण साधं आहे. सर्किटमध्ये वाफेचं पाणी साचतं. नळी उघडताना किंवा उचलताना ते घरंगळून ट्यूबमध्ये जाऊ शकतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९९४मध्ये ४८ तासांच्या आत बदलू नका म्हटलं आणि २००३मध्ये ठरावीक दिवसांनी बदलणंच सोडून दिलं: दिसायला घाण झालं किंवा बिघडलं तरच बदला. आज अनुभवी सिस्टर बाळाची कूस बदलण्याआधी नळीतलं पाणी बाळापासून दूर, वॉटर ट्रॅपकडे, म्हणजे सर्किटमधलं पाणी गोळा करणाऱ्या वाटीकडे, उतरवते. त्या दोन सेकंदांच्या हालचालीमागे एवढा इतिहास आहे.

सक्शनचंही, म्हणजे ट्यूबमधला स्राव ओढून काढण्याचंही, तेच झालं. घड्याळ लावून सक्शन, आणि आधी स्राव पातळ करायला सलाईनचे थेंब. पण ते थेंब ट्यूबच्या आतल्या भिंतीवरचे जंतूच खाली ढकलू शकतात. म्हणून आता गरज दिसेल तेव्हाच सक्शन, आणि सलाईनची सवय मोडलेली.

२००४च्या अखेरीस अमेरिकेत एका मोठ्या मोहिमेतून ‘व्हेंटिलेटर बंडल’, म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे धोके टाळण्याच्या उपायांचा संच, गाजला. तो संच मोठ्यांसाठी होता आणि बाळांना जसाच्या तसा लावणं, स्पष्टच सांगायचं तर, भाबडेपणा होता. पायातल्या रक्ताच्या गुठळ्या टाळण्याचा मुद्दा इथे जवळपास गैरलागू. आम्ल कमी करणाऱ्या औषधांचा संबंध २००६च्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांच्या गंभीर आजाराशी दिसला. डोकं ३० ते ४५ अंश वर करायचं, तर किलोभराचं बाळ खाली घसरतं आणि ट्यूब हलते. २००८मध्ये ६० बाळांवर वेगळाच प्रयोग झाला: ३० उताणी, ३० कुशीवर. पाच दिवसांनी श्वासनलिकेत जंतू सापडले ते उताण्यांपैकी २६ बाळांत आणि कुशीवरच्यांपैकी ९ बाळांत. अर्थात जंतू सापडणं म्हणजे न्यूमोनिया नव्हे. अपुऱ्या वाढीच्या फुप्फुसांच्या एक्सरेत तो फरक ओळखणंही अवघडच, त्यामुळे ‘आमच्याकडे न्यूमोनिया शून्यावर आला’ असे दावे मी जरा हात राखूनच वाचते.

तोंडाच्या स्वच्छतेत मोठ्यांना वापरतात ते क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक बाजूला राहिलं. बाळाची त्वचा फार पातळ. त्याऐवजी निर्जंतुक पाणी, किंवा आईच्या चिकाचे थेंब गालाच्या आतल्या बाजूला.

बंडलमधला एक मुद्दा मात्र बाळांनाही पुरता लागू पडला: ट्यूब आज काढता येईल का, हे रोज विचारणं. ग्रेगरींचा तोच दाब आता ट्यूब न घालता नाकावाटे देतात, आणि कित्येक बाळांच्या बाबतीत व्हेंटिलेटरचं सर्किट कधी बदलायचं हा प्रश्नच येत नाही.