लहान मुलांसह कॅनडाची पीआर: एक्स्प्रेस एन्ट्रीची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

नवरा, बायको आणि एक-दोन लहान मुले अशा कुटुंबाने कायमचे कॅनडात स्थायिक व्हायचे तर बहुतेकांचा रस्ता एक्स्प्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांना गुणांवर पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) देणाऱ्या कॅनडाच्या पद्धतीतून जातो. २०१५ च्या जानेवारीपासून सुरू असलेल्या या पद्धतीत कुटुंबाचा अर्ज एकच असतो. मुख्य अर्जदार एक आणि बाकीचे त्याच्यावर अवलंबून. त्यामुळे एकाचा कागद अडला की चौघेही थांबतात. फाइल अडकण्याची कारणे पाहिली तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या गुणांइतकीच जन्मदाखल्यातली नावे, अनुभवपत्रातली मोघम वाक्ये आणि कागदांच्या मुदती छळतात. म्हणून इथे त्यांनाच जास्त जागा दिली आहे. रकमा आणि नियम २०२५ च्या अखेरचे आहेत. पैसे भरण्याआधी आयआरसीसी, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा आकडा पाहून घ्यावा.

आधी ६७ गुण

भारतात राहून नोकरी करणाऱ्यांसाठी मुख्य योजना फेडरल स्किल्ड वर्कर. गेल्या १० वर्षांत एकाच प्रकारच्या कुशल कामाचा सलग एक वर्षाचा पगारी अनुभव हवा. आठवड्याला ३० तास धरून तो १,५६० तास भरतो. काम एनओसी २०२१ या कॅनडाच्या व्यवसायांच्या यादीत टीअर (कौशल्याची पायरी) ०, १, २ किंवा ३ मध्ये बसले पाहिजे. इंग्रजीत चारही कौशल्यांत सीएलबी या कॅनडाच्या भाषा-मापनाची किमान पातळी ७, म्हणजे आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगमध्ये प्रत्येकी ६. अॅकॅडमिक परीक्षा इथे चालत नाही. शिक्षणासाठी गेलेल्या मित्राचे पाहून चुकीची परीक्षा देणारे दरवर्षी निघतात. सेलपिप जनरल आणि पीटीई कोअर याही चालतात.

एवढे जमले की १०० पैकी किमान ६७ गुण मिळवावे लागतात. वय ३२ (१२ गुण), चार वर्षांची पदवी (२१), पाच वर्षांचा अनुभव (१३), चारही कौशल्यांत सीएलबी ७ (१६) असा अर्जदार घेतला तर बेरीज ६२ होते, म्हणजे अपात्र. पण जोडीदाराने नुसती सीएलबी ४ पातळीची परीक्षा दिली तरी ५ गुण मिळतात आणि बरोबर ६७ होतात. घरी असलेल्या जोडीदाराची परीक्षा अनावश्यक खर्च समजून टाळू नये.

खरी स्पर्धा सीआरएसची

६७ गुण म्हणजे फक्त रांगेत उभे राहण्याची परवानगी. पीआरसाठी अर्ज करण्याचे आमंत्रण मिळते ते सीआरएस या दुसऱ्या गुणतक्त्यावर, आणि तिथे भाषेचे गुण दोनदा मोजले जातात: एकदा स्वतंत्र आणि एकदा शिक्षण-अनुभवाशी जोडून.

वरचाच अर्जदार घेऊ. जोडीदारही पदवीधर आणि सीएलबी ७ चा. अर्जदाराची चारही कौशल्ये सीएलबी ७ असतील तर सीआरएस ३१९ भरतो. तीच सीएलबी ९ असतील, म्हणजे लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७, तर ४०८. आणि फक्त रायटिंगमध्ये ७ ऐवजी ६.५ आले तर ४०८ चे थेट ३६४ होतात. अर्ध्या बँडने ४४ गुण जातात, कारण शिक्षण आणि अनुभवाचे जोडगुण पूर्ण मिळण्यासाठी चारही कौशल्यांत सीएलबी ९ लागतो. रायटिंगच्या अर्ध्या बँडसाठी पुन्हा परीक्षा देणे हा या प्रवासातला बहुधा सगळ्यात फायद्याचा खर्च.

जोडीदारासह अर्ज करताना वयाचे पूर्ण १०० गुण २९ वर्षांपर्यंतच मिळतात. तिशीपासून दर वाढदिवसाला ५ गुण कमी होतात, आणि चाळिशी ओलांडली की दरवर्षी १० जातात. मुख्य अर्जदार नवराच असला पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. दोघेही पात्र असतील तर दोघांच्या नावाने हिशेब करून पाहावा. लहान, जास्त शिकलेल्या किंवा इंग्रजी चांगले असलेल्या जोडीदाराला पुढे केल्याने कितीतरी घरांचे गुण वाढतात. दोघांनी दोन वेगळे प्रोफाइल (रांगेत नाव लावण्यासाठी भरायची ऑनलाइन माहिती) ठेवलेलेही चालतात.

आता स्पष्ट सांगायला हवे. एप्रिल २०२४ नंतर २०२५ संपेपर्यंत सर्वांसाठी खुली अशी आमंत्रणांची सर्वसाधारण फेरी झालीच नाही. आमंत्रणे गेली ती कॅनडात आधीच काम केलेल्यांना, प्रांताचे नामांकन मिळालेल्यांना, फ्रेंच येणाऱ्यांना आणि आरोग्यसेवा, शिक्षण, कारागिरी अशा ठरावीक क्षेत्रांतल्या लोकांना. प्रांतीय नामांकनाचे ६०० गुण मिळतात, त्यामुळे ते हाती आले की आमंत्रण जवळपास नक्की. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मात्र २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. ‘ऑफर लेटर आणून देतो, दोनशे गुण वाढतील’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर तिथेच उठून यावे.

पुण्या-मुंबईत बसून ४०८ गुणांवर वाट पाहत राहण्यापेक्षा फ्रेंच शिकायला घेणे हा जास्त भरवशाचा मार्ग आहे. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेत चारही कौशल्यांत पातळी ७ मिळाली तर वरच्या अर्जदाराचे ६२ गुण वाढून ४७० होतात. मार्च २०२५ मध्ये फ्रेंच फेरीचा कटऑफ एकदा ३७९ पर्यंत उतरला होता. इतर फेऱ्यांत तो बराच वर होता, पण दार उघडे आहे ते याच बाजूने. शून्यापासून ही पातळी गाठायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष लागू शकते, ते वेळापत्रकात धरावे.

नावे: मराठी घरांची हमखास अडचण

मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव. पासपोर्टवर दोन रकाने: दिलेले नाव आणि आडनाव. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले, पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नुसते पहिले नाव. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, पण कॅनडातल्या अधिकाऱ्याला या तीन वेगवेगळ्या बायका दिसतात.

प्रमाण पासपोर्टच धरावा. आयईएलटीएसची नोंदणी, पदवीचे मूल्यांकन, बँकेचे पत्र हे सगळे पासपोर्टवरच्या नावाने. लग्नाआधीचे नाव अर्जात ‘पूर्वी वापरलेली नावे’ या रकान्यात न विसरता लिहावे आणि दुवा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे. लग्नाची नोंद राहिली असेल तर ती महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आताही करता येते. मंगल कार्यालयाची पावती किंवा पत्रिका ही पूरक कागदपत्रे झाली, प्रमाणपत्राची जागा ती घेत नाहीत. पहिले नावच बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रत लागेल.

मुलांचा जन्मदाखला हातात घेऊन चार गोष्टी पाहाव्यात: मुलाचे नाव आहे का, स्पेलिंग पासपोर्टसारखे आहे का, आई-वडील दोघांची नावे पूर्ण आहेत का, इंग्रजी मजकूर आहे का. बाळंतपणानंतर लगेच काढलेल्या दाखल्यात मुलाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा कोराच राहतो. जिथे जन्म नोंदला त्याच निबंधकाकडे जाऊन नाव घालून घ्यावे लागते. जन्मनोंदीपासून १५ वर्षांपर्यंत ते घालता येते. आईच्या नावाची दुरुस्तीही तिथेच होते, पण तिला महिना-दोन महिने सहज जातात, म्हणून हे काम आयईएलटीएसच्या क्लासच्याही आधी सुरू करावे. फक्त मराठीत असलेल्या दाखल्याचे भाषांतर घरच्या कोणी केलेले चालत नाही. अधिकृत भाषांतरकाराकडून करून मूळ प्रतीसोबत जोडावे लागते.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तो वर्षभरात संपणार असेल तर अर्जाआधीच नवीन काढावा.

मूल आधीच्या लग्नाचे असेल किंवा दुसरे पालक सोबत येणार नसतील तर त्यांची आयएमएम ५६०४ या फॉर्मवर सही आणि ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश लागतो. तोंडी संमतीला किंमत नाही.

पदवीचे मूल्यांकन आणि अनुभवपत्र

पदवीचे मूल्यांकन, म्हणजे आपली पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची हे ठरवणे, डब्ल्यूईएससारख्या मान्य संस्थेकडून होते आणि पाच वर्षे चालते. ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत प्रत) विद्यापीठाने थेट पाठवावी लागते, आपण स्कॅन करून पाठवलेली धरत नाहीत. विद्यापीठाच्या खिडकीवर वेळ किती जाईल याचा नेम नसतो, म्हणून हा अर्ज आणि भाषेची परीक्षा एकाच वेळी चालू ठेवावी.

अनुभवपत्रात सर्वाधिक फाइली मार खातात. ‘यांनी आमच्याकडे अमुक पदावर काम केले, वर्तणूक चांगली होती’ एवढे पत्र पुरत नाही. लेटरहेडवर पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते, प्रत्यक्ष कामांची यादी आणि सही करणाऱ्याचे नाव-संपर्क हे सगळे हवे. एनओसीतली वाक्ये जशीच्या तशी उतरवली की अधिकाऱ्याला शंका येते. कामे स्वतःच्या शब्दांत लिहावीत, पण त्यांचा गाभा एनओसीशी जुळावा. कंपनी असे पत्र देतच नसेल तर वरिष्ठाचे प्रतिज्ञापत्र, नेमणूकपत्र, पगारपत्रके, फॉर्म १६ आणि पत्र का मिळाले नाही याचा खुलासा असा संच जोडावा.

पैसे

७ जुलै २०२५ पासून तिघांच्या कुटुंबाला २३,३६० आणि चौघांना २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. डॉलर ६३ रुपये धरला तर चौघांचे जवळपास १८ लाख. कुटुंबातले कोणी सोबत येणार नसले तरी माणसे मोजताना ते धरले जातात. बचत खाते आणि मोडता येणारी मुदत ठेव चालते. प्लॉट, फ्लॅट, सोने किंवा उसने घेतलेले पैसे चालत नाहीत. बँकेच्या पत्रात खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, सध्याची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि कर्जाची थकबाकी हवी. शाखेत छापील मसुदा मिळतो त्यात सरासरी शिल्लक नसते, ती मागून घ्यावी. ऐन वेळी सासऱ्यांनी खात्यात टाकलेल्या दहा लाखांनी सरासरी बिघडते. बक्षीसपत्र आणि पैसे कुठून आले याचा पुरावा नसेल तर ती रक्कम कर्जच समजली जाते.

शुल्क ३० एप्रिल २०२४ च्या दराने प्रत्येक प्रौढामागे १,५२५ डॉलर, मुलामागे २६०, आणि बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) कुटुंबाला १७०. आई-वडील आणि एक मूल मिळून ३,४८० डॉलर. हे दर दोन वर्षांनी ३० एप्रिलला बदलतात. १४ वर्षांखालच्या मुलांचे बायोमेट्रिक्स होत नाही. प्रोफाइल तयार करायला मात्र एक पैसाही लागत नाही.

आमंत्रणानंतरचे ६० दिवस

प्रोफाइल १२ महिने रांगेत राहते. आमंत्रण आले की ६० दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा. भाषेचा निकाल दोन वर्षे चालतो आणि तो अर्ज भरण्याच्या दिवशीही जिवंत असावा लागतो.

पोलिस क्लिअरन्स १८ वर्षांवरील प्रत्येकाचे, आणि गेल्या १० वर्षांत सलग सहा महिने राहिलेल्या प्रत्येक देशाचे लागते. भारताचे प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेतूनच काढायचे, शुल्क ५०० रुपये. पोलिस ठाण्याचा दाखला आणला तर तो बाजूला ठेवला जातो. आयटीतल्या लोकांचे दुबई किंवा सिंगापूरचे जुने वास्तव्य इथे हटकून निसटते.

२१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी अर्जाआधीच करून घ्यावी लागते, तीही आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच. असे डॉक्टर मोजक्याच शहरांत आहेत, त्यामुळे आमंत्रण येताच चौघांची एकत्र वेळ घ्यावी. लहान मुलांची साधी तपासणी होते. लघवीची चाचणी पाच वर्षांपासून, छातीचा एक्स-रे अकराव्या वर्षापासून. गरोदर बाईचा एक्स-रे बाळंतपणानंतर करता येतो, मात्र त्यामुळे संपूर्ण फाइल तितके दिवस थांबते.

अर्ज चालू असताना बाळ झाले तर लगेच कळवावे, आणि त्याचा जन्मदाखला, पासपोर्ट, तपासणी व शुल्क भरावे. न कळवता कॅनडात पाऊल ठेवले तर पुढे त्याच बाळाला कुटुंब म्हणून बोलावण्याचा हक्क सहसा उरत नाही. २२ वर्षांखालचे प्रत्येक अविवाहित मूल, मग ते सोबत येवो वा न येवो, अर्जात दाखवलेच पाहिजे. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ‘एजंटने भरले होते’ हे ऐकले जात नाही. मदत घ्यायचीच असेल तर सल्लागाराचे नाव कॅनडाच्या सीआयसीसी या परवाना संस्थेच्या नोंदवहीत शोधून मगच फी द्यावी.

मंजुरी आली की

मंजुरीच्या कागदावर कॅनडात पोहोचण्याची शेवटची तारीख असते. ती साधारणपणे वैद्यकीय तपासणी किंवा पासपोर्ट यांपैकी जे आधी संपेल त्याप्रमाणे पडते. मुख्य अर्जदाराने आधी किंवा कुटुंबासोबतच उतरायचे असते. मागून येणाऱ्या सामानाची किमतीसह यादी पहिल्याच प्रवेशावेळी सीमाशुल्क अधिकाऱ्याला द्यावी, दागिन्यांसह. १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल तर ती जाहीर करावी लागते. बँकेतून पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच गोळा केलेला आयकर) कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण हातातले पैसे काही महिने अडकतात.

प्रांत निवडताना आरोग्य विम्याकडे पाहावे. ब्रिटिश कोलंबियात तो सुरू व्हायला चालू महिना अधिक दोन महिने जातात, ऑन्टारिओने ही प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली. पोहोचल्यावर आरसी६६ फॉर्म भरला की मुलांचा भत्ता सुरू होतो. जुलै २०२५ पासूनच्या वर्षात सहा वर्षांखालच्या मुलाला तो वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आहे, उत्पन्नाप्रमाणे कमी होत जातो.

मुलांची लसीकरणाची वही डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसह लिहून घ्यावी. ऑन्टारिओच्या शाळांना २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना कांजिण्यांची लस दिल्याची नोंद लागते. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात ती नसते, तेव्हा निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून देऊन घ्यावी.